‘एका कादंबरीचे लेखक’ : विश्राम बेडेकरांवर बसलेला चुकीचा शिक्का

१/ वऱ्हाडातील साहित्यिकांच्या याद्या समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असतात. बुलढाणा जिल्ह्याच्या यादीत मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे असतात, ‘बारोमास’चे सदानंद देशमुख असतात. देशमुखांचे अमडापूर ज्या चिखली तालुक्यात, त्याच तालुक्यातील उंद्रीच्या एखाद्या तरुण वाचकाने ही यादी अमरावतीपर्यंत वाढवली, तर तेथे एक नाव एका ओळीत उरकलेले आढळेल : विश्राम बेडेकर, जन्म १९०६, ‘रणांगण’चे लेखक. हा धागा त्या एका ओळीविरुद्ध आहे.

२/ ‘एकाच कादंबरीने अजरामर झालेले’ हे विशेषण बेडेकरांच्या नावामागे इतक्या सहजतेने लावले जाते, की ती स्तुती वाटते. प्रत्यक्षात ती बेदखल करण्याची सभ्य रीत आहे. १९३३ साली ज्याचे पहिले नाटक रंगभूमीवर आले आणि १९८४ साली ज्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, त्या माणसाच्या पन्नास वर्षांच्या कामातून १९३९ हे एक साल उचलायचे आणि उरलेले सारे तळटीपेत ढकलायचे. वर असेही सूचित करायचे, की त्यानंतर लेखक आटला, सिनेमाने त्याला गिळले.

३/ आधी जन्मस्थळाचा संदर्भ. बेडेकर १३ ऑगस्ट १९०६ रोजी अमरावतीत जन्मले, तेव्हा वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे होते. १८५३ पासून त्याचा कारभार इंग्रजांकडे होता. १९०२ च्या कराराने हा प्रांत कायमच्या भाडेपट्ट्याने घेतला गेला आणि पुढच्याच वर्षी मध्य प्रांताला जोडला गेला. उंद्री आणि अमरावती दोन्ही त्या एकाच विचित्र प्रशासकीय व्यवस्थेत होती. राजा हैदराबादेत, साहेब नागपुरात, कापूस मँचेस्टरच्या भावावर, आणि राजकारण मात्र पुण्याच्या ‘केसरी’कडे डोळे लावून बसलेले. टिळकांचे निकटचे सहकारी दादासाहेब खापर्डे अमरावतीचेच. हा तपशील पुढे उपयोगी पडेल.

४/ १९३३. दीनानाथ मंगेशकरांची बळवंत संगीत मंडळी ‘ब्रह्मकुमारी’ हे बेडेकरांचे नाटक रंगभूमीवर आणते. विषय अहल्येचा. लेखकाचे वय सत्तावीस. बोलपट येऊन दोनच वर्षे झाली आहेत आणि संगीत नाटक मंडळ्यांच्या पायाखालची जमीन सरकू लागली आहे. मंडळी सिनेमाकडे वळते, सांगलीत बळवंत पिक्चर्स उभी राहते आणि १९३४ साली ‘कृष्णार्जुन युद्ध’ निघतो. दिग्दर्शक दोन : चिंतामणराव कोल्हटकर आणि विश्राम बेडेकर. चित्रपटसंस्थेने दीनानाथांना कर्जात लोटले हे सर्वश्रुत आहे. बेडेकरांनी मात्र हे माध्यम सोडले नाही. १९३५ साली त्यांनी गडकऱ्यांच्या लेखनावरून ‘ठकीचे लग्न’ दिग्दर्शित केला.

५/ येथेच पहिला मुद्दा सिद्ध होतो. ‘कादंबरीकार नंतर सिनेमात गेला’ हा क्रमच उलटा आहे. बेडेकर आधी नाटककार होते, मग चित्रपट दिग्दर्शक झाले आणि त्यानंतर कादंबरीकार. ‘रणांगण’ लिहिणाऱ्या हाताने तोवर रंगमंचाचे प्रवेश आखले होते आणि कॅमेऱ्याच्या चौकटीही मोजल्या होत्या. चित्रपटकलेच्या अधिक अभ्यासासाठी ते १९३८ च्या सुमारास इंग्लंडला गेले आणि महायुद्ध तोंडावर आलेले असताना बोटीने परतले. ती बोट नसती तर ती कादंबरी नसती. आणि सिनेमा नसता तर ते त्या बोटीवरही नसते.

६/ आता ‘रणांगण’. वर्ष १९३९, प्रकाशक ह. वि. मोटे. युरोपातून मुंबईकडे निघालेल्या बोटीवर चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण आणि हॅर्टा ही जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी भेटतात. काही दिवसांचा सहवास. चक्रधरला मुंबईस उतरायचे आहे. हॅर्टाला उतरता येणार नाही. बोट तिला पूर्वेकडे नेते आणि तिची कथा समुद्रात संपते. मागे उरतात तिची पत्रे.

७/ ज्यांना ही केवळ शोकान्त प्रेमकथा वाटते, त्यांनी सालांची उजळणी करावी. १९३५ : न्यूरेंबर्गचे कायदे, ज्यूंचे नागरिकत्व रद्द. जुलै १९३८ : फ्रान्समधील एव्हियाँ येथे बत्तीस देशांची परिषद, सहानुभूती सर्वांची, दार जवळजवळ कोणाचेच उघडे नाही. ९-१० नोव्हेंबर १९३८ : एका रात्रीत जर्मनी-ऑस्ट्रियातील सिनेगॉग जळाली, दुकाने फुटली. मे १९३९ : हॅम्बुर्गहून ‘सेंट लुईस’ ही बोट ९३७ प्रवासी घेऊन निघाली; क्युबाने मूठभर सोडून सर्वांना नाकारले, अमेरिकेने नाकारले, कॅनडाने नाकारले, आणि बोट युरोपास परत गेली. तिच्यावरील २५४ जण पुढे नाझींच्या संहारात मेले.

८/ त्या काळी व्हिसाशिवाय जाता येईल असे जगात जवळजवळ एकच मोठे बंदर होते : शांघाय. इटालियन कंपनीच्या बोटी सुएझमार्गे मुंबई, कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग करीत तेथे जात. याच मार्गावर मुंबईकर प्रवासी आणि परागंदा ज्यू एका डेकवर येत. बेडेकरांनी ही परिस्थिती वाचनालयात बसून जुळवलेली नाही. वर्तमानपत्राची शाई वाळण्याआधी एका मराठी लेखकाने ती कादंबरीत आणली. ‘त्या काळचे मराठी साहित्य पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्याबाहेर पाहतच नव्हते’ हे ठोक विधान करणाऱ्यांनी निदान एवढा अपवाद तरी लक्षात ठेवावा.

९/ याच्या उलट टोकाची चूकही हल्ली वाढली आहे. ‘भारतातील पहिली होलोकॉस्ट कादंबरी’ अशी पाटी ‘रणांगण’वर लावली जाते. कादंबरीचे मोठेपण सांगण्यासाठी इतिहास वाकवण्याचे कारण नाही. ज्यूंचा सामूहिक संहार १९४१ च्या उन्हाळ्यात, सोव्हिएत रशियावरील आक्रमणाबरोबर सुरू झाला. १९३९ साली लेखकाला तो ठाऊक असणे शक्य नव्हते. ‘रणांगण’ छळछावण्यांची कादंबरी नाही. ज्या बोटीला कोणी धक्क्याला लागू देत नव्हते, त्या बोटीची आहे. नंतर काय घडले हे वाचकाला माहीत आहे, लेखकाला नव्हते. हॅर्टाची पत्रे आज अधिक बोचतात ती या फरकामुळे.

१०/ आता तिची बांधणी पाहावी. स्थळ एक. काळ मोजका. बाहेर जाण्याचे सर्व मार्ग पाण्याने बंद. चक्रधरची उमेशी असलेली जुनी प्रेमकथा येते ती मागे वळून पाहणाऱ्या तुटक दृश्यांत. हॅर्टाचा आवाज पत्रांतून येतो, ती दृष्टीआड गेल्यावर. ज्याने नाटकाचा अंक आणि चित्रपटाचा कट या दोन्ही गोष्टी हाताळल्या आहेत, त्याची ही रचना आहे. त्याच दशकातील फडके-खांडेकरांच्या कादंबऱ्यांशेजारी ती ठेवली, की तिचा काटकपणा डोळ्यांत भरतो. सिनेमाला दूषणे देत ‘रणांगण’ची आरती करणारा समीक्षक तिच्या शैलीचे मूळच पुसतो आहे.

११/ बरे, १९३९ नंतर काय? शिक्का मारणारे म्हणतात : काही नाही. त्यांचे म्हणणे एका अर्थी खरे आहे. बेडेकरांनी दुसरी कादंबरी लिहिली नाही. पण कादंबरी न लिहिणे म्हणजे न लिहिणे, हे समीकरण कोणी ठरवले?

१२/ दोन वर्षांनी, १९४१ च्या आरंभी, प्रभातचा ‘शेजारी’ प्रदर्शित झाला. हिंदीत ‘पडोसी’. दिग्दर्शक व्ही. शांताराम. कथा : विश्राम बेडेकर. गावातले दोन म्हातारे मित्र, जीवबा पाटील आणि मिर्झा. धरणासाठी जमिनी हव्या असलेला एक धनवंत गावात फूट पाडतो, मैत्री वैरात बदलते आणि ती जुळते तेव्हा उशीर झालेला असतो. फुटणाऱ्या धरणावर दोघे एकत्र मरतात. १९४० च्या मार्चमध्ये मुस्लिम लीगचा लाहोर ठराव झाला होता. त्यानंतर वर्षही उलटले नव्हते.

१३/ हिंदी आवृत्तीची पात्रयोजना स्वतंत्रपणे सांगण्यासारखी आहे. हिंदू ठाकुराची भूमिका मझहर खान यांनी केली, मिर्झाची गजानन जागीरदार यांनी. मुसलमान नट हिंदू झाला, हिंदू नट मुसलमान झाला. ही कल्पना कोणाचीही असो, कथेच्या आशयाशी ती तंतोतंत जुळते.

१४/ आणखी एक गोष्ट. ‘शेजारी’तला कलह धर्मग्रंथावरून पेटत नाही, तो सातबाऱ्यावरून पेटवला जातो. धर्म नंतर येतो, सोयीचे हत्यार म्हणून. (बुलढाणा जिल्ह्यात जिगाव प्रकल्पाच्या विस्थापनाची चर्चा ऐकत मोठ्या झालेल्या वाचकाला धरण, मोबदला आणि गावातली फूट हे शब्द समजावून सांगावे लागणार नाहीत.) कोणत्या वंशात जन्मलो यावरून माणसाला बोटीवरून उतरू न देणारे जग ज्याने जवळून पाहिले होते, त्याने मायदेशी परतताच हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांची कथा लिहावी, हा योगायोग मानणे अवघड आहे. ‘शेजारी’ हा ‘रणांगण’चा दुसरा खंड आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती फारशी होणार नाही. फक्त तो छापला गेला नाही, दाखवला गेला.

१५/ यावरचा ठरलेला आक्षेप : चित्रपट ही सामूहिक कला आहे, ‘शेजारी’ शांतारामांचा, बेडेकरांचा कसा? आक्षेपात तथ्य आहे. शांतारामांची दृष्टी, प्रभातचे तंत्रज्ञ, केशवराव दाते आणि जागीरदारांचा अभिनय यांवाचून तो चित्रपट उभाच राहिला नसता. पण मग हाच न्याय संगीत नाटकाला का लावत नाहीत? ‘ब्रह्मकुमारी’ दीनानाथांच्या गळ्याशिवाय काय होते? तरीही ती वाङ्मयसूचीत ‘बेडेकरांचे नाटक’ म्हणून नोंदली जाते. नाटकाची संहिता पुस्तकरूपाने मिळते, पटकथेची मराठीत क्वचितच मिळते. म्हणजे निकष साहित्यगुणाचा नाही; निकष पुस्तकाच्या पुठ्ठ्याचा आहे.

१६/ त्यानंतरची चित्रपटसृष्टीतील कारकीर्द एकसारखी थोर आहे असे कोणी म्हणू नये. ती खडबडीत आहे. ‘पहिला पाळणा’ (१९४२). नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर राघोबादादांना जाब विचारणाऱ्या न्यायाधीशावरचा ‘रामशास्त्री’ (१९४४) : पटकथा शिवराम वाशीकरांची, दिग्दर्शक म्हणून राजा नेने, बेडेकर आणि जागीरदार ही तीन नावे. ‘लाखारानी’ (१९४५), ज्यात गुरुदत्त नावाचा प्रभातमधील एक तरुण छोट्या भूमिकेत दिसला. ‘वासुदेव बळवंत’ (१९५०). शांतारामांच्या ‘अमर भूपाळी’च्या (१९५१) लेखनातही बेडेकरांचा वाटा होता, होनाजी बाळावरचा तो चित्रपट कानच्या महोत्सवापर्यंत गेला. पुढे पृथ्वीराज कपूर आणि सुरैया यांचा ‘रुस्तम सोहराब’ (१९६३). सुरैयाचा तो अखेरचा चित्रपट.

१७/ आणि १९७० चा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’. तो पडला. पण मुखवटा चढवून वस्तुसंग्रहालयात चोरी करणाऱ्या पृथ्वीराज कपूरांच्या प्रसंगाला प्रेक्षक दचकतात, हे निर्माते रामसे यांच्या मुलांनी थिएटरात बसून हेरले आणि त्यातून ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) व पुढचा सगळा रामसे भयपटांचा कारखाना उभा राहिला. ‘रणांगण’चा लेखक हिंदी भयपटांच्या दाराशीही उभा आढळतो, हे साहित्याच्या इतिहासात कोठे बसवावे हे सूचीकारांना न कळणे स्वाभाविक आहे. म्हणून ते गाळावे काय?

१८/ रंगभूमीकडे ते पुन्हा वळले. ‘नरो वा कुंजरो वा’ आणि ‘वाजे पाऊल आपुले’ ही साठच्या दशकातील नाटके. आणि मग १९८० साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ‘टिळक आणि आगरकर’.

१९/ इतिहासप्रेमींनी येथे थांबावे. डेक्कन कॉलेजातले मित्र. १ जानेवारी १८८० रोजी सुरू झालेले न्यू इंग्लिश स्कूल. १८८१ चा ‘केसरी’ आणि ‘मराठा’. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात एकत्र काढलेले १०१ दिवस. नंतर सुधारणा आधी की स्वराज्य आधी यावरून पडलेली भेग. १८८७ साली आगरकर ‘केसरी’तून बाहेर, १८८८ साली ‘सुधारक’, १८९० साली टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर, १८९५ साली आगरकरांचा अकाली मृत्यू. समाजमाध्यमांवर या प्रकरणाचे रोज खटले चालतात : टिळक विरुद्ध आगरकर, निकाल आधीच लिहिलेला. बेडेकरांच्या नाटकाच्या नावात ‘विरुद्ध’ नाही, ‘आणि’ आहे. ज्या अमरावतीत टिळकपक्षाचे वारे बालपणीच कानांवरून गेले, तेथून आलेल्या लेखकाने सत्तरी ओलांडल्यावर आगरकरांना त्यांच्या बरोबरीने उभे केले.

२०/ आता ही सगळी नावे एका रांगेत ठेवून पाहावीत. चक्रधर आणि हॅर्टा. जीवबा आणि मिर्झा. टिळक आणि आगरकर. दिग्दर्शित चित्रपटांत, एकमेकांना न ओळखता लढणारे रुस्तम आणि सोहराब हे बाप-लेक. प्रत्येक वेळी दोन माणसे, त्यांच्यात खरा जिव्हाळा, आणि त्या जिव्हाळ्याच्या मधोमध येऊन बसलेले राष्ट्र, धर्म, पक्ष किंवा सिंहासन. चाळीस वर्षे एक माणूस माध्यमे बदलत एकच प्रश्न विचारत होता. त्याला ‘एका कादंबरीचे लेखक’ म्हणणे म्हणजे प्रश्नाचे पहिले वाक्य ऐकून उठून जाणे होय.

२१/ या हिशेबात मालतीबाई आल्या नाहीत तर तो अन्यायच. १९३३ हे ‘ब्रह्मकुमारी’चे साल, तेच ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने आलेल्या ‘कळ्यांचे निःश्वास’चेही. शिकलेल्या अविवाहित स्त्रियांची घुसमट मांडणाऱ्या त्या कथांनी महाराष्ट्र खवळला. लेखिका कोण याचा शोध घेतला गेला. त्या बाळूताई खरे. १९३८ साली त्या मालती बेडेकर झाल्या. सोलापूरच्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतीतील कामाच्या अनुभवातून त्यांनी ‘बळी’ (१९५०) लिहिली. ‘विश्राम बेडेकरांच्या पत्नी’ हा परिचय त्यांना जितका तोकडा आहे, तितकाच ‘रणांगणकार’ हा विश्रामरावांना.

२२/ शेवटी ‘एक झाड आणि दोन पक्षी’ (१९८४). साहित्य अकादमीचा पुरस्कार १९८५, मुंबईच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद १९८६. नाव उपनिषदातल्या त्या प्रतिमेवरून : एकाच झाडावर दोन पक्षी, एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. हे आत्मचरित्र लेखकाने तृतीयपुरुषी लिहिले. स्वतःकडे कॅमेरा वळवून चौकटीबाहेर उभा राहणारा हा पाहणारा पक्षी कोणत्या शाळेत तयार झाला, हे प्रभातच्या आवारात वर्षे काढलेल्या माणसाबाबत विचारण्याची गरज नसावी. तरीही या पुस्तकाच्या स्तुतीत ‘सिनेमात वाया गेलेली वर्षे’ असे शब्द अधूनमधून ऐकू येतात. ती वर्षे वाया गेली असती तर हे पुस्तक निम्म्याहून अधिक कोरे राहिले असते.

२३/ दोष केवळ पुण्या-मुंबईच्या समीक्षेचा नाही. वऱ्हाडानेही त्यांना पुरते आपले मानले नाही. त्यांच्या लेखनात वऱ्हाडी बोली नाही, कपाशीचे शेत नाही, कर्जबाजारी कुणबी नाही. म्हणून ‘वैदर्भीय साहित्य’ या खणात ते मावत नाहीत. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ हे या मातीचे थोर पुस्तक आहे आणि २००४ चा अकादमी पुरस्कार तिला योग्यच मिळाला. पण प्रदेशाचे साहित्य म्हणजे त्या प्रदेशाविषयीचेच साहित्य, असा नियम केला तर अमरावतीत जन्मून भूमध्य समुद्रावरची कादंबरी लिहिणाऱ्याला देशच उरत नाही. हॅर्टाची अडचण काय होती, ते येथे आठवावे.

२४/ विश्राम बेडेकर १९९८ साली वारले, मालतीबाई २००१ साली. ‘रणांगण’ आज दुकानात मिळते. जेरी पिंटो यांनी ती इंग्रजीतही नेली आहे. उंद्रीच्या वाचकाने ती वाचून संपवावी आणि त्याच आठवड्यात ‘शेजारी’ शोधून पाहावा. मग ‘टिळक आणि आगरकर’ची प्रत तालुक्याच्या वाचनालयातून मागवावी, नसेल तर मागणीच्या वहीत नाव लिहून यावे. ‘एक झाड आणि दोन पक्षी’ मात्र सर्वांत शेवटी, कारण त्यातला पाहणारा पक्षी काय काय पाहून बसला आहे हे आधी ठाऊक असलेले बरे.

(धागा समाप्त)